ए.पी. स्पॅनिश भाषा आणि संस्कृती

ए.पी. स्पॅनिश भाषा आणि संस्कृती हा अमेरिकेतील हायस्कूलमध्ये (इयत्ता नववी ते बारावी) शिकवला जाणारा स्पॅनिश भाषेचा प्रगत अभ्यासक्रम आहे. त्यावर आधारित परीक्षा कॉलेज बोर्ड ही ना-नफा संस्था दरवर्षी मे महिन्यात घेते. 'ए.पी.' हे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट या कार्यक्रमाचे संक्षिप्त रूप आहे. शाळेत असतानाच महाविद्यालयीन पातळीचा विषय शिकता यावा आणि परीक्षेतील गुणांच्या आधारे पुढे महाविद्यालयात श्रेयांक किंवा वरच्या वर्गात प्रवेश मिळावा, हा या कार्यक्रमाचा हेतू आहे. स्पॅनिश ही अमेरिकी शाळांमध्ये सर्वाधिक शिकली जाणारी परभाषा असून ही परीक्षा दरवर्षी एक लाखाहून अधिक विद्यार्थी देतात.

मात्र 'परभाषा' हा शब्द येथे पूर्णपणे लागू पडत नाही. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. त्यामुळे एकाच वर्गात सातवी-आठवीपासून व्याकरण शिकत आलेला इंग्रजीभाषक विद्यार्थी आणि आजीशी जन्मापासून स्पॅनिशमध्येच बोलणारी, पण त्या भाषेत कधी निबंध न लिहिलेली विद्यार्थिनी शेजारी बसतात. या अभ्यासक्रमाभोवतीच्या बहुतेक शैक्षणिक चर्चा याच वस्तुस्थितीतून निर्माण झाल्या आहेत.

इतिहास

अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट कार्यक्रम कॉलेज बोर्डाने १९५५ च्या सुमारास हाती घेतला. स्पॅनिश हा त्यातील सुरुवातीच्या विषयांपैकी एक होता. त्या काळी या कार्यक्रमाचा रोख निवडक शाळांतील हुशार विद्यार्थ्यांवर होता. पुढे भाषा आणि साहित्य अशा दोन स्वतंत्र परीक्षा झाल्या.

त्याच काळात दक्षिण-पश्चिम अमेरिकेतील अनेक शाळांमध्ये स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. हा प्रदेश १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहापर्यंत मेक्सिकोचा भाग होता आणि तेथील अनेक कुटुंबांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिशच राहिली होती. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या मागण्यांमध्ये द्विभाषिक शिक्षणाचा समावेश होता आणि स्पॅनिश बोलण्यावरील शिक्षा हा त्यांच्या तक्रारींपैकी एक विषय होता. त्याच वर्षी अमेरिकेत द्विभाषिक शिक्षण कायदा अस्तित्वात आला. म्हणजेच एका दालनात स्पॅनिश ही महाविद्यालयीन दर्जाची विद्या होती, तर दुसऱ्या दालनात तीच भाषा शिस्तभंग ठरत होती.

हा विरोधाभास एकदम मिटला नाही. कॅलिफोर्नियात १९९८ साली मतदारांनी 'प्रस्ताव २२७' मंजूर करून द्विभाषिक शिक्षणावर मोठे निर्बंध आणले. २०१६ साली 'प्रस्ताव ५८'द्वारे ते बव्हंशी रद्द करण्यात आले. दरम्यान २०११ मध्ये त्याच राज्याने शालान्त पदविकेवर 'द्विभाषा साक्षरता मुद्रा' उमटवण्याचा कायदा केला. इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेत प्रावीण्य सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळते आणि ते सिद्ध करण्याचा एक मान्य मार्ग म्हणजे ए.पी. परीक्षेत तीन किंवा अधिक गुण. पुढे जवळजवळ सर्व राज्यांनी ही कल्पना स्वीकारली.

अभ्यासक्रमाचे पूर्वीचे नाव नुसते 'ए.पी. स्पॅनिश भाषा' असे होते. २०१३-१४ या शैक्षणिक वर्षापासून त्यात 'आणि संस्कृती' हे शब्द जोडले गेले आणि परीक्षेची रचनाही बदलली. व्याकरणाच्या रिकाम्या जागा भरण्याचे सुटे प्रश्न वगळण्यात आले. त्यांच्या जागी प्रत्यक्ष वापरातील मजकूर व ध्वनिफिती आल्या.

अभ्यासक्रम

अभ्यासक्रमाला ठरावीक पाठ्यपुस्तक नाही. कुटुंब आणि समाज, वैयक्तिक व सार्वजनिक ओळख, सौंदर्य आणि कला, विज्ञान आणि तंत्रज्ञान, समकालीन जीवन व जागतिक आव्हाने अशी सहा सूत्रे दिलेली असतात आणि शिक्षक त्यांभोवती साहित्य जमवतात. वृत्तपत्रातील लेख, आकाशवाणीवरील मुलाखती, जाहिराती, पत्रे, आलेख, कथांतील उतारे असे काहीही त्यात चालते, मात्र ते स्पॅनिशभाषकांनी स्पॅनिशभाषकांसाठी केलेले असावे लागते. वर्गातील अध्यापनही जवळजवळ संपूर्णपणे स्पॅनिशमध्येच अपेक्षित आहे.

संस्कृतीचा विचार तीन अंगांनी केला जातो: समाजाने घडवलेल्या वस्तू व कृती, त्याच्या रीती, आणि त्यांमागची दृष्टी. उदाहरणार्थ, मेक्सिकोतील 'मृतांचा दिवस' घेतल्यास झेंडूची फुले, साखरेच्या कवट्या आणि घरातील वेदी ही पहिल्या अंगात येतात. कबरीपाशी जमून गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवणे ही रीत झाली. मृत व्यक्ती वर्षातून एकदा घरी परततात, ही तिच्यामागची दृष्टी. केवळ सणांची यादी पाठ करून चालत नाही, हा या मांडणीचा खरा लाभ आहे. वर्गात मात्र अनेकदा पहिल्या दोन अंगांवरच वेळ संपतो.

'हिस्पॅनिक संस्कृती' ही एकसंध गोष्ट नाही, हेही अभ्यासक्रमात गृहीत धरलेले आहे. स्पॅनिश सुमारे २० देशांची अधिकृत भाषा आहे. त्यांत आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनीचाही समावेश होतो. श्रवणाच्या प्रश्नांत विविध प्रदेशांतील उच्चार ऐकवले जातात. स्पेनच्या बऱ्याच भागात 'सेनापती'तील 'स' आणि 'थ'च्या जवळचा ध्वनी असा जो भेद ऐकू येतो, तो लॅटिन अमेरिकेत नाही. कॅरिबियन बेटांवर शब्दाच्या शेवटचा 'स' बहुधा गळतो किंवा 'ह'सारखा ऐकू येतो. अर्जेंटिनातील अनेक शहरांत इतरत्र 'य' उच्चारला जाणारा ध्वनी 'श'च्या जवळ जातो.

परीक्षा

परीक्षा सुमारे तीन तासांची असते. २०१९-२० पासूनच्या आराखड्यानुसार पहिल्या भागात ६५ बहुपर्यायी प्रश्न ९५ मिनिटांत सोडवायचे असतात. त्यांतील ३० प्रश्न लिखित मजकुरावर आणि उरलेले ३५ ध्वनिफितींवर, किंवा ध्वनिफीत व मजकूर यांच्या जोडीवर आधारलेले असतात. या भागाला निम्मे गुण आहेत.

उरलेले निम्मे गुण चार कृतींमध्ये समान विभागलेले आहेत. पहिल्या कृतीत एका औपचारिक ई-पत्राला १५ मिनिटांत उत्तर लिहायचे असते. दुसऱ्या कृतीत एक लेख, एक आलेख किंवा तक्ता आणि दोनदा ऐकवलेली एक ध्वनिफीत या तिन्हींचा आधार घेऊन युक्तिवादात्मक निबंध लिहावा लागतो. तिसरी कृती संभाषणाची: ध्वनिमुद्रित आवाजाला पाच वेळा, प्रत्येकी २० सेकंदांत, उत्तर द्यायचे असते. चौथ्या कृतीत चार मिनिटांच्या तयारीनंतर दोन मिनिटांचे तुलनात्मक भाषण करायचे असते. त्यात विद्यार्थी एखाद्या स्पॅनिशभाषक समाजाची आपल्या किंवा अन्य समाजाशी तुलना करतो.

या कृतींचे मूल्यमापन शाळांतील शिक्षक आणि महाविद्यालयीन प्राध्यापक करतात. अंतिम गुण १ ते ५ या श्रेणीत दिले जातात आणि ३ किंवा अधिक गुण पात्रतेचे मानले जातात. श्रेयांक द्यायचा की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते. काही ठिकाणी ३ गुण पुरतात, तर काही ठिकाणी ४ किंवा ५ लागतात. २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे ही परीक्षा घरूनच घेण्यात आली आणि तिच्यात केवळ दोन मौखिक कृती ठेवण्यात आल्या.

संबोधनाची अडचण

ई-पत्राच्या कृतीत विद्यार्थ्यांचा कस लागतो तो संबोधनात. स्पॅनिशमध्ये जवळच्या व्यक्तीसाठी 'तू' आणि आदरार्थी 'उस्तेद' अशी दोन रूपे आहेत. पहिले रूप मराठीच्या 'तू'शी उच्चारानेही जुळते. 'उस्तेद' हे 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचे झिजलेले रूप असून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येते. इंग्रजीत हा भेद आज उरलेला नसल्याने इंग्रजीभाषक विद्यार्थी पत्राची सुरुवात 'उस्तेद'ने करतो आणि तिसऱ्या ओळीत नकळत 'तू'वर घसरतो. मराठीत 'आपण कळवावे' लिहून पुढे 'तुझे पत्र मिळाले' म्हणावे तसाच हा प्रकार. परीक्षक ही चूक किरकोळ मानत नाहीत, कारण ती व्याकरणाची तशीच शिष्टाचाराचीही आहे.

प्रत्यक्ष व्यवहार यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात 'तू'ऐवजी 'व्होस' वापरतात आणि त्याची क्रियारूपे वेगळी असतात. कोलंबियाच्या काही भागांत घरातील माणसांनाही 'उस्तेद' म्हटले जाते. अनेकवचनी संबोधनात स्पेन आणि लॅटिन अमेरिका यांचे मार्ग पुन्हा वेगळे होतात.

वारसाभाषक विद्यार्थी

घरात ज्यांची भाषा इंग्रजीहून वेगळी आहे आणि जे ती कमी-अधिक प्रमाणात बोलतात किंवा समजतात, अशा विद्यार्थ्यांना 'वारसाभाषक' म्हणतात. या क्षेत्रातील मूलभूत लेखन ग्वादालूपे वाल्देस या अभ्यासिकेचे आहे. वारसाभाषकांना नवशिक्यांच्या पद्धतीने शिकवणे निरर्थक आहे, आणि मायदेशी शिकलेल्यांच्या पद्धतीने शिकवणेही अन्यायाचे आहे, ही जाणीव आता या क्षेत्रात रुजली आहे.

दोन्ही गटांच्या चुकांचे स्वरूपच वेगळे असते. वर्गात भाषा शिकलेला विद्यार्थी 'असणे' या अर्थाच्या 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांत, भूतकाळाच्या दोन रूपांत आणि इच्छा-शंका दर्शवणाऱ्या क्रियारूपांत अडखळतो. वारसाभाषक ही रूपे पुष्कळदा न विचारता अचूक वापरतो. तो अडतो लेखनात. स्पॅनिशमधील 'बे' व 'व्हे' या अक्षरांचा उच्चार एकच आहे, 'हाचे' हे अक्षर मूक आहे आणि लॅटिन अमेरिकेत तीन वेगवेगळी अक्षरे 'स' असाच ध्वनी देतात. भाषा कानाने शिकलेल्याला ही अक्षरे कुठे कोणती, हे कळण्याचा मार्ग नसतो. आघातचिन्हांचेही तसेच आहे.

शब्दांच्या निवडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. टेक्सास-कॅलिफोर्नियातील अनेक घरांत मालवाहू गाडीला 'त्रोका' आणि दुपारच्या डब्याला 'लोन्चे' म्हणतात. हे शब्द इंग्रजीतून आले आहेत. न्यू मेक्सिकोतील जुन्या वस्त्यांत 'आणले' या अर्थी 'त्रूहे' आणि 'असे' या अर्थी 'आसिना' ही रूपे ऐकू येतात. ती अशुद्ध नसून जुन्या स्पॅनिशचे अवशेष आहेत. प्रमाण भाषेपासून दूर गेलेले रूप जुने आहे की नवे, याने शाळेतल्या लाल शाईला मात्र फारसा फरक पडत नाही. औपचारिक लेखनात प्रमाण रूपांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ती शिकवताना आजीची भाषा चुकीची ठरवायची की प्रसंगानुरूप दुसरी भाषा हाती द्यायची, हे शिक्षकावर अवलंबून राहते. कुशल शिक्षक दुसरा मार्ग निवडतात.

गुणांच्या आकडेवारीतही हा भेद दिसतो. कॉलेज बोर्ड या परीक्षेचे निकाल सर्व विद्यार्थ्यांचे आणि 'प्रमाण गटा'चे असे वेगळे प्रसिद्ध करते. ज्यांना स्पॅनिश मुख्यतः वर्गातूनच आली, त्यांचा हा गट. घरी नियमित स्पॅनिश बोलणारे किंवा स्पॅनिशभाषक देशात महिनाभर वा अधिक राहिलेले विद्यार्थी त्यात धरले जात नाहीत. गुणश्रेणी मात्र सर्वांना एकच लागू होते. वारसाभाषकांना हा विषय 'फुकटचा' मिळतो, अशी कुरकुर काही ठिकाणी ऐकू येते. घरात इंग्रजी ग्रंथ वाचत वाढलेल्या मुलाच्या इंग्रजी साहित्यातील गुणांबद्दल तशी कुरकुर क्वचितच होते. अनेक वारसाभाषकांसाठी ही त्यांची पहिली ए.पी. परीक्षा असते आणि काही शाळांत ती नववीत किंवा त्याआधीच दिली जाते. महाविद्यालयीन पातळीचे काही आपल्याला जमते, याचा पहिला पुरावा अशा विद्यार्थ्याला घरच्या भाषेतून मिळतो.

साहित्याचा अभ्यासक्रम

भाषेच्या परीक्षेनंतर पुष्कळ विद्यार्थी 'ए.पी. स्पॅनिश साहित्य आणि संस्कृती' हा वेगळा विषय घेतात. २०१२-१३ पासून त्यात ३८ नेमलेल्या कृती आहेत. 'लासारियो दे तोर्मेस' ही सोळाव्या शतकातील कादंबरी आणि सेर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते'तील प्रकरणे यांपासून सोर हुआना इनेस दे ला क्रूस, लोर्का, नेरुदा, बोर्हेस, रुल्फो व गार्सिया मार्केस यांच्यापर्यंत ही यादी पसरलेली आहे. टेक्साससारख्या राज्यांत राबणाऱ्या स्थलांतरित शेतमजुरांच्या जीवनावर तोमास रिव्हेरा यांनी स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या १९७१ च्या पुस्तकातील कथाही त्यात आहेत. स्पॅनिश ही अमेरिकेचीही साहित्यभाषा आहे, याची ही नोंद महत्त्वाची आहे.

भारतीय भाषा

ए.पी. कार्यक्रमात स्पॅनिशखेरीज फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन या भाषांच्या परीक्षा आहेत. मराठी किंवा अन्य कोणत्याही भारतीय भाषेची परीक्षा त्यात नाही. त्यामुळे अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना या कार्यक्रमात भाषाविषय घ्यायचा झाल्यास त्यांना यांपैकीच एखादी भाषा निवडावी लागते आणि 'प्रमाण गटा'तील विद्यार्थ्यांप्रमाणेच ती बहुधा वर्गातच शिकावी लागते.