कवटी कुणाची, चाचा कोण? गेममधले पायरेट आणि आपले आंग्रे

अंबरनाथ पश्चिमेहून हा एपिसोड. आजचा विषय गेमचा आहे आणि इतिहासाचाही. ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला एपिसोड.

समुद्री चाचे आणि सांगाडे ही गेमच्या दुनियेतली एकदम हिट जोडी आहे. 1997 साली मोनोलिथ कंपनीचा 'क्लॉ' आला. सायबर कॅफेच्या जमान्यातल्या कितीतरी पोरांनी तो पायरेटेड सीडीवरून खेळला, म्हणजे चाच्याचा गेम चाच्यांच्याच पद्धतीने! हिरो कॅप्टन क्लॉ हे एक मांजर. ते ला रोका नावाच्या तुरुंगातून पळतं, फळ्यांवरून उड्या मारतं, नाणी गोळा करतं आणि ताईताचे नऊ मणी शोधत फिरतं. का नऊ? कारण इंग्रजीत मांजराला नऊ जन्म असतात. आणि त्याचे दुश्मन कोण, तर कुत्रे.

दुसरी मालिका 'मंकी आयलंड'. त्यात उड्या कमी, कोडी जास्त. 1991 च्या दुसऱ्या भागात हिरोच्या स्वप्नात त्याचे आईवडील येतात, बघता बघता त्यांचे सांगाडे होतात आणि ते नाचत गाणं म्हणतात. तुम्ही हसता आणि पुढे जाता. नंतर एका चक्रव्यूहात अडकलात की कळतं, कुठल्या दारातून जायचं ते त्या हाडांच्या गाण्यातच सांगितलं होतं. 1997 च्या तिसऱ्या भागात तर एक बोलणारी कवटी आहे. धड नाही, हात नाहीत, पण धमक्या जगाचा नाश करण्याच्या. तिचं नाव मरे. मराठी कानाला हे नाव जरा जास्तच फिट बसतं.

आता प्रश्न असा, की हा चाचा आला कुठून? एकच पाय, खांद्यावर पोपट, फुलीची खूण असलेला नकाशा, हे सगळं मुख्यतः 1883 च्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीने पक्कं केलं. 1967 मध्ये डिस्नीलँडमध्ये चाच्यांची राइड सुरू झाली आणि तिथे सांगाडे दिसले. मंकी आयलंडचा निर्माता रॉन गिल्बर्ट याने ती राइड आपली एक प्रेरणा असल्याचं सांगितलंय. 2003 चा 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' हा पिक्चरही त्याच राइडवरून निघाला. थोडक्यात, राइडमधून गेम, राइडमधून पिक्चर. आम्ही इंजिनीअर लोक याला कोड कॉपी-पेस्ट करणं म्हणतो. आणि कॉपी-पेस्टचा नियम तुम्हाला माहीतच आहे: मूळ कोडमधला बगसुद्धा सोबत येतो.

हा बग आपल्या समुद्रातला आहे. तिथे यायच्या आधी सांगाड्यांचा हिशोब उरकून घेऊ.

कवटीचा झेंडा खरा होता. 1700 साली आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांपाशी एका इंग्रज युद्धनौकेची गाठ इमॅन्युएल विन नावाच्या फ्रेंच चाच्याशी पडली. त्याच्या काळ्या झेंड्यावर कवटी, हाडांची फुली आणि वाळूचं घड्याळ होतं, अशी नोंद आहे. कवटीच्या झेंड्याची ही सर्वांत जुनी नोंद समजली जाते. त्यातलं घड्याळ मला भारी वाटतं. वेळ संपत आलीय, मुकाट्याने माल द्या, एवढा मेसेज एका चित्रात. लढाई न करता लूट मिळाली तर चाच्याचाही फायदाच.

आणि खरा सांगाडा? गेमच्या बॅकग्राउंडला लोखंडी पिंजऱ्यात लटकणारी हाडं असतात ना, तशी एक केस कॅप्टन विल्यम किडची. त्याच्याकडे चाच्यांना आणि फ्रेंच जहाजांना पकडायचा अधिकृत परवाना होता. 1698 मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ 'क्वेदा मर्चंट' हे मालाने भरलेलं जहाज धरलं. त्या जहाजाकडे फ्रेंच पास होता, म्हणून ते धरणं कायदेशीर, असं किडचं म्हणणं. पण खटल्याच्या वेळी फ्रेंच पास गायब! 1701 मध्ये लंडनला त्याला फाशी झाली आणि मृतदेह थेम्स नदीकाठी लोखंडी सापळ्यात टांगून ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांना दिसावा म्हणून. ते पास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्याच दफ्तरखान्यात सापडले.

हा 'पास' शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच चालते.

आता आपला समुद्र. सप्टेंबर 1695. औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' हे प्रचंड जहाज हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन सुरतेकडे परत येत होतं. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते गाठलं. लूट झालीच, पण अनेक दिवस जहाजावरच्या माणसांचा छळ आणि बायकांवर अत्याचार झाले. बादशहा इतका चिडला की सुरतेतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. एव्हरी मात्र पसार झाला, तो कधीच सापडला नाही.

त्याचं पुढे काय झालं? तो हिरो झाला. 1712 मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्याच्यावर बेतलेलं नाटक आलं, नावातच 'यशस्वी चाचा'. आणि 2016 चा 'अनचार्टेड 4' आठवतोय? त्यात अख्खा गेमभर ज्याचा खजिना शोधतात तो हाच एव्हरी. तो खजिना म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे येणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजावरची लूट. कोडी सोडवताना हे किती जणांच्या डोक्यात येतं?

त्याच 1712 च्या नोव्हेंबरमध्ये कोकण किनाऱ्यावर दुसरी घटना घडली. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या जहाजांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची 'अल्जेरीन' नावाची नौका पकडली. कारवारच्या वखारीचा इंग्रज अधिकारी चकमकीत मारला गेला आणि त्याची बायको कैद झाली. पुढच्या वर्षी 30 हजार रुपये खंडणी घेऊन तिला सोडलं आणि इंग्रजांशी तह झाला. पण इंग्रजांनी कान्होजींवर मारलेला शिक्का कायम राहिला: पायरेट.

आता जरा थंड डोक्याने बघू. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी नियम लावला होता की या समुद्रात व्यापार करायचा तर आमचा परवाना घ्या. त्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर जहाज जप्त. इंग्रजही आपले पास देत. मराठ्यांच्या परवान्याला दस्तक म्हणत. दस्तक घेतलेलं जहाज सुरक्षित, न घेतलेलं पकडलं जाणार. म्हणजे फंक्शन तेच, इनपुट तेच, आउटपुटही तेच. फक्त रिटर्न होणारा शब्द वेगळा! पोर्तुगीजांनी जहाज पकडलं तर कायदा, इंग्रजांनी पकडलं तर हक्क, आणि आंग्र्यांनी पकडलं तर चाचेगिरी.

भांडणाचं मूळही तिथेच. इंग्रजांचं म्हणणं, आमचा झेंडा आणि पास असलेलं जहाज अडवू नका. पण इंग्रज पास घेऊन जाणारं जहाज कित्येकदा हिंदी व्यापाऱ्याचं असायचं. कान्होजी म्हणणार, दस्तक कुठाय? यावरूनच तह मोडला. गव्हर्नर बूनने 1717 मध्ये विजयदुर्गावर आणि 1718 मध्ये खांदेरीवर आरमार पाठवलं. दोन्ही वेळा हात हलवत परत. 1721 च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. त्यात कमोडोर मॅथ्यूजच्या इंग्लंडहून आलेल्या शाही युद्धनौकाही होत्या. त्या मुळात मादागास्करकडच्या खऱ्या चाच्यांचा बंदोबस्त करायला निघालेल्या. किल्ला पडला नाही. 4 जुलै 1729 ला कान्होजी वारले तेव्हा ते अजिंक्यच होते.

हे जमलं कसं? इथे मला खरंच कोड्यांचा गेम दिसतो. समोरच्याकडे उंच, जड, खोल पाण्यात चालणारी जहाजं आणि मोठ्या तोफा. आपल्याकडे गुराबा आणि गलबतं. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, उथळ पाण्यात शिरणारं. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी अडकतं. मग गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेणार, कारण बहुतेक तोफा दोन्ही अंगांना असतात, पाठीमागे फारच कमी. तिथून मारा करायचा आणि मग माणसं वर चढवायची. अंगावर आलंच तर खाडीत पळायचं, तिथे मोठं जहाज येऊच शकत नाही. वारा, भरती, खोली आणि कोन. पॉवर कमी असली तरी मॅप पाठ असलेला प्लेअर जिंकतो.

आणि हे आरमार सुरू कुठे झालं माहितीये? आपल्या स्टेशनवरून मुंबईकडची स्लो लोकल पकडा. उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि तिसरं स्टेशन कल्याण. ऑक्टोबर 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. दुर्गाडी किल्ला त्याच खाडीवर आहे. व्हिएगस आडनावाचे पोर्तुगीज बापलेक आणि त्यांचे कारागीर सुरुवातीला या कामावर होते. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे वसईच्या पोर्तुगीजांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ही माणसं परत फिरवली. तरी काम थांबलं नाही. आपण रोज ज्या खाडीच्या बाजूने मोबाइलवर मान खाली घालून जातो, तिथली ही गोष्ट.

इथपर्यंत ऐकून छाती फुगली असेल तर एक टोचणारी गोष्ट सांगतो. आंग्र्यांचं आरमार शेवटी इंग्रजांनी एकट्याने संपवलं नाही. कान्होजींचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानेना. मग पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरातलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजी मराठ्यांच्याच ताब्यात आला आणि उरलेलं आयुष्य कैदेत गेला. इंग्रजांनी चाचा म्हटलं, आपल्यांनी बंडखोर म्हटलं, आणि या दोन शब्दांच्या मधे कोकणचं आरमार बुडालं. लगेच पुढच्या वर्षी, 1757 मध्ये, हाच क्लाइव्ह प्लासीला जिंकला.

मला तुळाजीला निर्दोष ठरवायचं नाहीये. कान्होजींच्या माणसांनी पकडलेल्या जहाजांवरच्या लोकांचे हालही झाले असतील, खंडणी तर घेतलीच. पण तेव्हाचा समुद्र सगळ्यांसाठीच तसा होता. एकालाच चाचा म्हणायचं, तर ते नाव कुणी लिहिलं हे बघावं लागतं. आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांमध्ये असलेल्या क्लेमंट डाउनिंगचं पुस्तक 1737 मध्ये लंडनला छापलं गेलं. त्याच्या लांबलचक नावातच 'आंग्रिया द पायरेट' आहे. पुढे ज्यांनी लिहिलं त्यांनी तेच उचललं. 2007 च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या तिसऱ्या भागात जगभरच्या चाच्यांची सभा भरते. तिथे हिंदी महासागराचा पायरेट लॉर्ड कोण? संभाजी आंग्रिया! कान्होजींच्या एका मुलाचं नाव संभाजी होतं. पिक्चरमध्ये त्याच्या वाट्याला पगडी, दाढी आणि बारीक आवाजाचा एक जोक आला. 1737 चा बग 2007 च्या बिल्डमध्ये जसाच्या तसा.

इकडे स्वतंत्र भारताच्या नौदलाने 1951 मध्ये मुंबईतल्या आपल्या तळाला 'आयएनएस आंग्रे' नाव दिलं. एकच आडनाव, एका फाइलमध्ये चाचा आणि दुसरीत नौदलाचा तळ.

म्हणून गेम खेळू नका असं मी म्हणणार नाही. मरेच्या धमक्यांवर मी अजूनही हसतो. तक्रार एवढीच की ही गंमत बनवणारे हात आपले नाहीत, म्हणून त्यातली माणसंही आपण ठरवत नाही. गुराबा, गलबतं, भरती-ओहोटी, दस्तक तपासणारा हवालदार, आणि तीन देशांचे तीन पास घेऊन घाम पुसणारा बिचारा व्यापारी. यात विनोदही आहे, कोडीही आहेत. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी कोडिंग शिकताय, फुकट गेम इंजिन मोबाइलच्या डेटावर उतरतं. कुणीतरी एक लेव्हल बनवा राव, मी टेस्टिंग करून देतो.

आणि एक काम. अलिबागला गेलात तर नुसतं बीचवर घोडागाडीचे फोटो काढून परत येऊ नका. ओहोटीची वेळ बघून कुलाबा किल्ल्यात चालत जा, आणि भरतीच्या आधी बाहेर निघा. घोटाभर पाण्यातून चालताना कळेल, 1721 चं ते कोडं दोन देशांच्या आरमारांना का सुटलं नाही.

एपिसोड आवडला तर लोकलमधल्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या वेळी!