पलभा आणि सौर पॅनेलचा कल

सौर पॅनेल छपरावर किती तिरपे बसवावे हा प्रश्न अलीकडचा आहे. त्याच्या उत्तरात येणारी संख्या मात्र जुनी आहे. विषुवदिनी मध्यान्हकाळी बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते तिला ज्योतिषगणितात ‘पलभा’ अशी संज्ञा आहे. ‘अक्षभा’ व ‘विषुवद्भा’ ही तिचीच पर्यायी नावे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघवा’त दिनमानाचे गणित याच छायेवरून साधले आहे. मुंबईची पलभा चार अंगुळांहून किंचित अधिक भरते. आता एखादा पृष्ठभाग बारा अंगुळे आडवा जाताना पलभेइतका उंच नेला आणि दक्षिणाभिमुख ठेवला, तर त्याचा कल स्थळाच्या अक्षांशाइतका, म्हणजे मुंबईस सुमारे १९ अंश होतो. विषुवदिनी मध्यान्हीचे किरण त्यावर लंबरूप पडतात.

जयपूरच्या सम्राटयंत्राची तिरपी बाजूही तेथील अक्षांशाइतकीच, २७ अंशांनी, उत्तरेकडे चढत गेलेली आहे. तथापि यावरून सौर ऊर्जेचे शास्त्र पूर्वजांना अवगत होते असे म्हणणे हा इतिहास नव्हे. शंकूचा आणि यंत्राचा हेतू कालज्ञान हा होता, ताप गोळा करणे हा नव्हता. भूमिती एक असली म्हणजे प्रयोजनही एक असते असे नाही.

तापाचे प्रयोजन मनात धरून मुंबईत प्रयोग केले ते विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने. त्याचे या विषयावरील पुस्तक १८७८ मध्ये मुंबईसच छापले गेले. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो शंकूच्या आकाराचा धातूचा आरसा वापरीत असे. ॲडम्सने त्याऐवजी काचेचे सपाट लहान आरसे चौकटीत बसविले, बाष्पपात्र स्थिर ठेवले आणि आरशांची मांडणी सूर्यामागोमाग अर्धवर्तुळाकार मार्गावरून सरकविण्याची सोय केली. या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालले. एकवटलेला प्रकाश जागेवरून ढळला की पात्र निवते. म्हणून येथे सूर्याचा पाठलाग अटळ होता.

१९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा व्यवहार्य सौर घट सिद्ध झाला आणि ही सक्ती सैल झाली. सपाट पॅनेलला विखुरलेला प्रकाशही चालतो. किरण लंबापासून २० अंश ढळला तरी त्याची हानी सुमारे ६ टक्केच होते.

मग कल हवाच कशाला? २१ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत मध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून सुमारे ४२॥ अंश दक्षिणेस असतो. आडव्या पॅनेलवरील थेट प्रकाश तेव्हा सव्वीस टक्क्यांनी घटतो, तिरप्यावरील आठ टक्क्यांनीच. जूनअखेर हिशेब उलटतो, कारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो आणि आडवे पॅनेलच सरस ठरते. परंतु त्या दिवसांत आकाश ढगांनी झाकलेले असते, त्यामुळे थेट किरणांचा हा लाभ बहुतांशी कागदावरच राहतो.