मेळघाटचे कोरकू : जंगलाचा कारभार कोणाचा?

१/ तापी आणि सिपना यांच्या खोऱ्यातील धारणी हे वऱ्हाडच्या उत्तर टोकाचे तालुक्याचे गाव. येथील कोरकू समाजाच्या नावाचा अर्थच ‘माणसे’ असा आहे : ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. त्यांची भाषा संथाळी आणि मुंडारीच्या कुळातली. त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडची.

२/ कोरकू गावाला आपला कारभार होता. पटेल गावाचा प्रमुख, भूमका देवकार्याचा अधिकारी, पडियार दुखण्याखुपण्यावर उपाय सांगणारा. मुठवा देव गावाचा राखणदार. या व्यवस्थेला लेखी सनद नव्हती.

३/ नेमके तेच पुढे उणे ठरले. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. सागवानाला मोल आले, वनखाते आले, जंगल ‘राखीव’ झाले. सरकारी दप्तरात गावाचा वहिवाटीचा हक्क ही सवलत ठरली; आणि सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

४/ स्वातंत्र्यानंतरही दप्तराची ही रीत फारशी बदलली नाही. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे जंगलातून उठून अकोटकडील सपाटीवर वसली.

५/ धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात. म्हणून १९९६ चा पेसा कायदा येथे लागू आहे. तेंदूपाने, मोहफुले अशा गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी तो मानतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिला आणि वन्यजीवांसाठी गाव हलवायचे असेल, तर ग्रामसभेची स्वेच्छेची, माहितीपूर्ण संमती लेखी घेण्याची अट घातली.

६/ कागदावरचा हक्क हाती आला, की काय घडते? याच जिल्ह्यातील पायविहीर गावाला २०१२ मध्ये सुमारे १९२ हेक्टर उजाड वनावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने चराई आवरली, झाडे लावली, पाणी अडवले. तेथील सीताफळे शहरांच्या बाजारात पोहोचली आणि २०१४ मध्ये गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

७/ जंगल राखायचे तर माणूस दूर हवा, हा दीडशे वर्षांचा समज पायविहीरने खोटा ठरवला. मात्र कायद्याने ग्रामसभेला जे दिले, ते नवे दान नव्हे. पटेल आणि भूमका यांच्या गावाकडे जे होते, त्यातलेच काही उशिरा परत आले. ग्रामसभेला ‘नाही’ म्हणता येते का, आणि तो नकार टिकतो का, यावरच मेळघाटातील स्वशासनाची खरी परीक्षा आहे.