मुंबईतील रेणवीय जीवशास्त्राचा प्रारंभ

रेणवीय जीवशास्त्राला मुंबईत आश्रय मिळाला तो भौतिकीच्या घरी, ही गोष्ट वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांची दालने पृथक् ठेवणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी ध्यानी घेण्याजोगी आहे. ग्लासगो येथे पोन्तेकोर्व्हो यांच्या हाताखाली डॉक्टरेट संपादन केलेल्या ओबेद सिद्दिकी यांना, लिओ झिलार्ड यांच्या शिफारशीवरून, होमी भाभांनी पाचारण केले. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा विभाग निघाला. संशोधनेच्छूने विलायतेस जावे, हा तेव्हाचा शिरस्ता. पुढे केनियात जन्मलेल्या व डब्लिनला शिकलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज मात्र पीएच.डी.साठी उलट वाटेने मुंबईस आल्या. गंध वा चव नीट न ओळखणाऱ्या उत्परिवर्ती फळमाश्या निवडून या संवेदनांमागील जनुके त्यांनी धुंडाळली. सिद्दिकींसह लिहिलेला त्यांचा निबंध १९७८ साली भारतीय विज्ञान अकादमीच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला.