वंश, सदस्यत्व आणि मैदान : अमेरिकेतील पी.जी.ए. अजिंक्यपद स्पर्धेचा सामाजिक इतिहास (१९१६ ते १९९०)

प्रस्तावना :

क्रीडास्पर्धांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीच्या रूपाने लिहिला जातो. कोणी किती वेळा अजिंक्यपद मिळविले, कोणाचा विक्रम कोणी मोडला, याची नोंद त्या यादीत असते. मात्र त्या स्पर्धेत उतरण्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे यादीवरून समजत नाही. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये चार स्पर्धा प्रमुख मानल्या जातात : मास्टर्स, यू.एस. ओपन, ब्रिटनमधील ओपन आणि पी.जी.ए. अजिंक्यपद स्पर्धा. यांपैकी शेवटची स्पर्धा मूलतः व्यावसायिक खेळाडूंची आणि त्यांच्याच संघटनेने चालविलेली आहे. त्यामुळे ‘व्यावसायिक कोणास म्हणावे’ हा प्रश्न तिच्या इतिहासात मध्यवर्ती ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर सदर संघटनेने १९३४ ते १९६१ या काळात वंशाच्या आधारे दिले. ही अट कशी आली, तिची झळ कोणाला बसली आणि ती कोणत्या कारणांनी रद्द झाली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. संघटनेची स्थापना आणि व्यावसायिकांचा दर्जा :

जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्क येथे रॉडमन वॅनामेकर या बड्या दुकानदाराने काही गोल्फ व्यावसायिकांना भोजनासाठी एकत्र बोलाविले. त्या बैठकीतून १० एप्रिल १९१६ रोजी ‘प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कजवळील ब्रॉन्क्सव्हिल येथील सिवानॉय कंट्री क्लबवर पहिली अजिंक्यपद स्पर्धा खेळली गेली. जिम बार्न्स यांनी जॉक हचिसन यांचा पराभव करून ५०० डॉलरचे पारितोषिक मिळविले. पहिल्या महायुद्धामुळे १९१७ व १९१८ या वर्षी स्पर्धा झाली नाही. १९५७ पर्यंत ती दोन खेळाडूंमधील बाद पद्धतीने आणि १९५८ पासून एकूण फटक्यांच्या हिशेबाने खेळली जाऊ लागली. वॉल्टर हेगन यांनी ती पाच वेळा जिंकली. त्यांपैकी १९२४ ते १९२७ ही चार वर्षे सलग होती.

येथे एक बाब विशेषत्वाने लक्षात घेतली पाहिजे. त्या काळातील गोल्फ व्यावसायिक हा प्रतिष्ठित गृहस्थ नव्हता, तर तो क्लबचा नोकर होता. सभासदांना खेळ शिकविणे, त्यांच्या गोल्फच्या काठ्या दुरुस्त करणे आणि क्लबच्या दुकानातून चेंडू विकणे ही त्याची उपजीविका होती. मैदानावर तो सभासदांना सहज हरवू शकत असे. पण क्लबच्या मुख्य इमारतीत त्याला सहसा प्रवेश नसे. १९२० मध्ये ओहायो राज्यातील टोलेडो येथील इन्व्हर्नेस क्लबने यू.एस. ओपनच्या वेळी व्यावसायिकांसाठी आपल्या इमारतीची दारे उघडली, तेव्हा कृतज्ञता म्हणून खेळाडूंनी त्या क्लबला एक उंच घड्याळ भेट दिले. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव या वर्गाला नवा नव्हता, हेच या घटनेतून दिसते. दुर्दैवाने याच वर्गाने पुढे आपल्यापेक्षा दुर्बल असलेल्यांसाठी दार बंद केले.

२. १९३४ ची अट :

गोल्फमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू मुळात नव्हतेच, असे म्हणता येत नाही. १८९६ मध्ये शिनकॉक हिल्स येथे झालेल्या यू.एस. ओपनमध्ये जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाचा मुलगा आणि ऑस्कर बन हा शिनकॉक या मूलनिवासी जमातीचा तरुण, असे दोघे उतरले होते. त्यांच्यासोबत खेळण्यास इतर व्यावसायिकांनी आक्षेप घेतला. तेव्हाचे यू.एस. गोल्फ असोसिएशनचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर यांनी तो आक्षेप फेटाळला आणि स्पर्धा पार पडली. म्हणजे वर्णभेदाची वृत्ती जुनी होती. परंतु तिला लेखी नियमाचे रूप अद्याप आले नव्हते.

हे रूप १९३४ मध्ये आले. उत्तर वा दक्षिण अमेरिकेत राहणारे, अठरा वर्षांवरील आणि ‘कॉकेशियन’ म्हणजे श्वेतवर्णीय व्यावसायिकच सभासद होऊ शकतील, अशी तरतूद पी.जी.ए.च्या नियमावलीत समाविष्ट झाली. १९२८ पासून सभासद असलेल्या ड्युई ब्राउन या गौर कांतीच्या कृष्णवर्णीय व्यावसायिकाचे सदस्यत्व त्याच वर्षी संपुष्टात आले.

या अटीचा परिणाम बंद दारापुरता मर्यादित नव्हता. संघटनेच्या अधिपत्याखालील स्पर्धा, क्लबमधील नोकऱ्या आणि अजिंक्यपद स्पर्धेतील प्रवेश ही सर्व साखळी सदस्यत्वाला जोडलेली होती. खेळाडूच्या कौशल्याबद्दल नियमावली एक शब्दही बोलत नव्हती. त्याला व्यावसायिक म्हणूनच न ओळखण्याची व्यवस्था तिने केली होती. मैदानावर कृष्णवर्णीय माणूस दिसत होता, तो कॅडी म्हणून. दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहण्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय समाजाच्या संदर्भात ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संकल्पना मांडली. मधल्या पायरीवरचा माणूस वरच्या पायरीशी झगडण्याऐवजी खालच्या पायरीला दूर लोटतो, ही तिच्यातील मर्मदृष्टी येथेही उपयोगी पडते.

कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९२० च्या दशकात स्वतःची संघटना उभारली. ती पुढे ‘युनायटेड गोल्फ असोसिएशन’ या नावाने ओळखली गेली. तिच्या स्पर्धांतील बक्षिसे तुटपुंजी होती. परंतु तेथेच एक गुणवान पिढी घडली.

३. स्पिलर, ऱ्होड्स आणि न्यायालयीन लढा :

बिल स्पिलर हे त्या पिढीतील सर्वांत झुंजार नाव. त्यांचा जन्म १९१३ चा. टेक्सासमधील वायली महाविद्यालयाची पदवी मिळवूनही त्यांना लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्थानकावर हमालाचे काम करावे लागले. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी गोल्फ हाती घेतला. जानेवारी १९४८ मध्ये सर्वांसाठी खुल्या असलेल्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये पहिल्या फेरीत ६८ फटक्यांची नोंद करून त्यांनी बेन होगन यांची बरोबरी साधली. स्पिलर आणि टेड ऱ्होड्स हे दोघेही त्या स्पर्धेत पहिल्या साठांत आले. त्यामुळे पुढील रिचमंड ओपनसाठी ते आपोआप पात्र ठरत होते. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे सरावाच्या फेऱ्या झाल्यावर, आपण पी.जी.ए.चे सभासद नसल्याने आपल्याला खेळता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. स्थानिक खेळाडू मॅडिसन गंटर यांच्यावरही हीच वेळ आली.

या तिघांनी जोनाथन रोवेल या वकिलाच्या साहाय्याने ३ लाख १५ हजार डॉलरच्या भरपाईचा दावा दाखल केला. यापुढे भेदभाव करणार नाही, असे आश्वासन पी.जी.ए.ने दिले आणि त्याच वर्षी तडजोड होऊन दावा मागे घेण्यात आला. नंतर ‘ओपन’ म्हणवणाऱ्या अनेक स्पर्धा ‘निमंत्रितांच्या स्पर्धा’ झाल्या. अर्थात निमंत्रण कोणाला द्यावे, हा यजमानांचा प्रश्न ठरला! आश्वासन शब्दशः पाळले गेले आणि आशयाने मोडले गेले.

१९५२ मध्ये सॅन डिएगो येथे हाच प्रसंग पुन्हा घडला. यजमानांनी जगज्जेते मुष्टियोद्धे जो लुई यांना हौशी खेळाडू म्हणून निमंत्रित केले होते, तर स्पिलर पात्रता फेरीतून आले होते. पी.जी.ए.ने दोघांनाही नकार दिला. लुई यांच्या लोकप्रियतेमुळे देशभर गवगवा झाला आणि त्यांना खेळू देण्यात आले. स्पिलर मात्र व्यावसायिक असल्याने अटीत अडकले. यानंतर यजमानांनी निमंत्रण दिल्यास कृष्णवर्णीयांना खेळता येईल, एवढी सवलत मिळाली. सदस्यत्वाची अट तशीच राहिली. पी.जी.ए. अजिंक्यपद स्पर्धेचा मार्गही त्यामुळे बंदच राहिला.

४. मैदानाचा प्रश्न आणि १९६१ :

पुढे उदरनिर्वाहासाठी स्पिलर लॉस एंजेलिसमधील हिलक्रेस्ट क्लबवर कॅडीचे काम करू लागले. तेथील एका सभासदाला त्यांनी आपली कैफियत सांगितली आणि ती कॅलिफोर्नियाचे महान्यायवादी स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत पोहोचली. मॉस्क यांनी नैतिक आवाहनापेक्षा कायद्याचा आधार घेतला. वंशभेद करणाऱ्या संघटनेला राज्यातील सार्वजनिक मैदाने वापरता येणार नाहीत, असे त्यांनी बजावले. आपण खाजगी क्लबांवर स्पर्धा घेऊ, असे उत्तर आल्यावर तेथेही कायदेशीर प्रतिबंध करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. शिवाय इतर राज्यांच्या महान्यायवाद्यांशीही संपर्क साधला.

१९६२ ची अजिंक्यपद स्पर्धा लॉस एंजेलिस येथील ब्रेंटवुड कंट्री क्लबवर नियोजित होती. अट काढण्याऐवजी पी.जी.ए.ने मैदान बदलले आणि स्पर्धा पेनसिल्व्हेनियातील ॲरोनिमिंक क्लबवर नेली. परंतु एकेका राज्यातून स्पर्धा हलवीत राहणे दीर्घकाळ शक्य नव्हते. अखेर नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘कॉकेशियन’ हा शब्द नियमावलीतून वगळण्यात आला.

योगायोग असा की, ॲरोनिमिंकवरील १९६२ चे विजेतेपद दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांनी मिळविले. तेव्हा ते आपल्या देशातील वर्णभेदी धोरणाचे समर्थक होते. पुढे त्यांनी ती भूमिका सोडली. १९६९ मध्ये डेटन येथील पी.जी.ए. अजिंक्यपद स्पर्धेत निदर्शकांनी त्यांनाच लक्ष्य केले.

अट गेली तेव्हा स्पिलर आणि ऱ्होड्स दोघेही अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांचा उमेदीचा काळ सरला होता. लाभ झाला तो त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या चार्ली सिफर्ड यांना. १९६१ मध्ये ग्रीन्सबरो येथे खेळताना त्यांना ठार मारण्याची धमकी दूरध्वनीवरून मिळाली होती. तरीही त्यांनी तेथे चौथे स्थान मिळविले. १९६४ मध्ये ते पी.जी.ए.चे पूर्ण सभासद झाले. १९६७ मध्ये हार्टफर्ड आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथील स्पर्धा त्यांनी जिंकल्या.

५. शोल क्रीक, १९९० :

संघटनेचा नियम बदलला तरी स्पर्धा भरविणाऱ्या खाजगी क्लबांचे सभासदत्व तसेच राहिले. १९९० ची अजिंक्यपद स्पर्धा अलाबामातील बर्मिंगहॅम शहराजवळच्या शोल क्रीक क्लबवर व्हावयाची होती. त्या वर्षी जूनमध्ये क्लबचे संस्थापक हॉल थॉम्पसन यांनी एका स्थानिक वृत्तपत्राशी बोलताना, आपला क्लब कृष्णवर्णीयांना सभासद करीत नाही, हे उघडपणे मान्य केले. नागरी हक्क संघटनांनी निदर्शनांचा इशारा दिला. आय.बी.एम., टोयोटा यांसारख्या कंपन्यांनी दूरचित्रवाणीवरील जाहिराती मागे घेतल्या. स्पर्धेपूर्वी घाईने लुई विली या कृष्णवर्णीय विमा व्यावसायिकाला क्लबचे मानद सभासदत्व देण्यात आले आणि स्पर्धा पार पडली. ऑस्ट्रेलियाचे वेन ग्रेडी विजेते ठरले.

या प्रकरणानंतर गोल्फमधील प्रमुख संघटनांनी यजमान क्लबांच्या सदस्यत्वाबाबत भेदभावविरोधी धोरण स्वीकारले. त्याचा एक परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारा आहे. १९९३ ची स्पर्धा ॲरोनिमिंकला मिळाली होती. परंतु त्या क्लबमध्ये एकही कृष्णवर्णीय सभासद नसल्याने त्याला यजमानपद सोडावे लागले. ज्या मैदानाने १९६२ मध्ये अटीसकट संघटनेला आश्रय दिला, त्याच मैदानावर नवा निकष उलटला. ती स्पर्धा इन्व्हर्नेसला गेली, म्हणजे जेथे १९२० मध्ये व्यावसायिकांसाठी प्रथम दार उघडले होते तेथे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वर्णभेद हा स्पर्धेच्या नियमांत नव्हता, तर सदस्यत्वाच्या व्याख्येत होता. म्हणूनच तो दीर्घकाळ दुर्लक्षित राहू शकला.

२. स्वतः दुय्यम दर्जा भोगलेला वर्ग समान न्यायाचा पुरस्कर्ता होईलच, असे इतिहास सांगत नाही.

३. १९६१ मधील बदल मैदान हातचे जाण्याच्या भीतीने आणि १९९० मधील बदल जाहिरातींच्या उत्पन्नाच्या भीतीने घडला. तथापि, ही भीती निर्माण होण्यामागे स्पिलर यांच्यासारख्यांचा वर्षानुवर्षांचा हट्ट होता. कायदा आणि बाजार ही साधने होती. प्रेरणा वंचितांची होती.

४. औपचारिक अट रद्द झाल्याने प्रत्यक्ष समता येत नाही. दोन टप्प्यांमध्ये गेलेली २९ वर्षे याची साक्ष देतात.

१९९८ व २००४ मध्ये भारतीय वंशाचे फिजी येथील विजय सिंग आणि १९९९, २०००, २००६ व २००७ मध्ये टायगर वूड्स यांची नावे विजेत्यांच्या यादीत आली. यादी आता बोलकी झाली आहे. २००९ मध्ये पी.जी.ए.ने शिपेन, ऱ्होड्स आणि स्पिलर यांना मरणोत्तर सदस्यत्व बहाल केले. २०२६ च्या स्पर्धेसाठी ॲरोनिमिंकची निवड झाली, हेही परिवर्तनाचे लक्षण मानता येईल. परंतु स्पिलर १९८८ मध्ये निवर्तले होते आणि ऱ्होड्स १९६९ मध्ये. मरणोत्तर सदस्यत्वाने नोंद दुरुस्त होते. न खेळलेल्या फेऱ्या मात्र परत खेळता येत नाहीत. विजेत्यांची यादी वाचताना या अनुपस्थित नावांचे स्मरण ठेवणे, एवढे तरी इतिहासाच्या अभ्यासकाने केले पाहिजे.