बारामती : गावाचे पाणी, गावाची खानेसुमारी आणि आपण

वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहून द्या, असे मंडळाच्या पोरांनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. बारामतीचा इतिहास म्हटला की लोक मोरोपंत सांगतात, बाबूजी नाईकांचा वाडा सांगतात, आणि मग एकदम साखर कारखान्यावर येतात. मधली माणसे कुठे गेली? शेवटी ठरवले की तेच लिहू, पण आपल्या बाजूने लिहू.

नाईकांचा वाडा कऱ्हेच्या काठी आहे. पेशवाईत बाबूजी नाईक हे मोठे सावकार होते. त्यांचे बंधू आबाजी नाईक म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जावई. त्यांच्याच आश्रयाने पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत बारामतीत आले, आर्या रचल्या आणि १७९४ साली इथेच वारले. हे खरे आणि अभिमानाचेही आहे. पण त्याच काळात वेशीबाहेर येसकरीची काठी घेऊन रात्रभर जागणारा जो माणूस होता, त्याचे नाव कुठल्या बखरीत नाही. तो आपला पूर्वज.

इंग्रजीत हा मुलूख भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली. पण जमीन जिरायती, पाऊस बेभरवशाचा आणि मान सावकाराच्या हातात. १२ मे १८७५ रोजी आपल्या तालुक्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. दक्खनचे दंगे म्हणून जे पुस्तकात शिकवतात, त्यांची सुरुवात ही. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. मध्येच १८७६-७७ चा दुष्काळ होऊन गेला. त्या दुष्काळाने सरकारला कळले की या भागाला पाणी द्यावेच लागेल. भाटघरला धरण झाले आणि १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला.

आता गंमत पाहा. पहिली काही वर्षे लोक कालव्याचे पाणी घ्यायलाच तयार नव्हते. पाऊस बरा झाला की पाणीपट्टी कशाला भरायची, असा हिशेब. पुढे सासवडकडचे माळी आले, त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला, आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले. गुळाची पेठ वाढली. १९१४ साली दौंडहून बारामतीला अरुंद रुळांची छोटी गाडी आली. मळद, शिरसाई, कटफळ करत ती गावात शिरायची. आज तिथे ब्रॉडगेज आहे.

पण कालव्याचे पाणी ज्याच्या शेताला पोचले त्याचे नशीब फिरले. आपल्या लोकांच्या वाट्याला वतनाच्या जमिनी, त्याही भावकीत तुकडे तुकडे झालेल्या. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले होते, कारण वतन म्हणजे गुलामीचा दाखला हे त्यांनी ओळखले होते. प्रत्यक्षात वतने खालसा करणारा कायदा १९५८ चा. त्यानंतर सारापट्टीच्या पटीत रक्कम भरून जमिनी परत मिळायच्या होत्या. ज्याच्याकडे त्या वेळी चार पैसे होते त्याने भरले. ज्याच्याकडे नव्हते त्याचे काय झाले ते प्रत्येकाने आपल्या घरात विचारावे. सातबारावर वर्ग ६-ब, नवीन शर्त असे काही लिहिलेले असेल तर वाडवडिलांचा कागद फेकू नका.

आता नगरपालिका. बारामतीची नगरपालिका १८६५ ची. म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक, मुंबई-पुण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. १९०१ च्या खानेसुमारीत गावची वस्ती नऊ हजारांच्या थोडी वर होती. तेवढ्या गावात न्यायाधीशाची कचेरी होती, दवाखाना होता. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी ही नगरपालिकेची कामे. यातली झाडलोट कोणी केली हे सांगायला नको. सेवा द्यायला आपण, आणि सेवा घ्यायला मात्र आपण नाही, असा तो कारभार. सार्वजनिक विहीर सार्वजनिक होती, फक्त आपल्यासाठी नव्हती.

म्हणून ४ ऑगस्ट १९२३ ही तारीख मुलांना पाठ करायला लावा. त्या दिवशी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने तो ठराव १९२४ साली स्वीकारला, तरी तळे बंदच राहिले. मग २० मार्च १९२७ झाले. कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडले. कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यात चौदा वर्षे गेली.

माझी आजी कऱ्हेकाठच्या एका खेडेगावची. ती सांगायची, उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत झिरा खणायचा. वरच्या अंगाला गावाचा, खालच्या अंगाला आपला. वरच्यांचे पाणी भरून झाले की खालच्यात हळूहळू पाझरायचे, तोवर घागरीशेजारी बसून राहायचे. "पाणी बी जात बघून झिरपायचं," असे म्हणून ती हसायची. तेव्हा मला ते हसू कळले नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर खानेसुमारीचे कागद बदलले. १९५१ साली आताच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास नोंदले गेले होते, १९६१ साली ते जवळपास २७ लाख ९० हजार झाले. पण याची दुसरी बाजूही होती. धर्म बौद्ध लिहिला की माणूस अनुसूचित जातीच्या रकान्यातून गळायचा. राज्याच्या सवलती १९६० पासून मिळाल्या, केंद्राच्या मात्र १९९० च्या दुरुस्तीपर्यंत नाहीत. कितीजणांनी घरात बुद्धमूर्ती आणि कागदावर जुनी जात अशी दुहेरी नोंद ठेवली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना नावे ठेवू नयेत, पोटाचा प्रश्न होता. १९८१ साली राज्यात अनुसूचित जाती सुमारे ७ टक्के दिसत होत्या, १९९१ साली ११ टक्के झाल्या. माणसे वाढली नव्हती, कायदा सुधारला म्हणून मोजली गेली.

स्वातंत्र्यानंतरची बारामती लोकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. माळेगाव आणि सोमेश्वरचे साखर कारखाने, १९६२ चे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ ची विद्या प्रतिष्ठान, औद्योगिक वसाहत. आपल्यातली पहिली पदवीधर पिढी या कॉलेजात शिकली, शिष्यवृत्तीच्या पैशाची वाट बघत शिकली. सिल्व्हर ज्युबिली रुग्णालयात जन्मलेली पोरे आज स्वतः नर्स, कंपाउंडर, मास्तर आहेत. २०१९ पासून गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

वस्तीचा आकडाही फसवा असतो. २००१ साली शहरात ५१,३४२ माणसे होती आणि २०११ साली ५४,४१५. दहा वर्षांत तीन हजार? मग एवढ्या चाळी, एवढे प्लॉट कुणाचे? वाढ हद्दीबाहेर झाली होती, रुई, जळोची, तांदूळवाडीकडे. पुढे हद्दवाढ होऊन ती गावे शहरात आली. शहराला पाणी कालव्याचे, आवर्तन सुटले की साठवण तलाव भरायचा आणि ते पुरवायचे. आवर्तन लांबले की बायकांची तोंडे उतरतात. तिकडे सुपे, मोरगावच्या जिरायती पट्ट्यात अजून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. एकाच तालुक्यात एकीकडे उसाला पाट आणि दुसरीकडे हंड्यांची रांग.

२०२१ ची खानेसुमारी झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून माणसे मोजायची आहेत, आणि या वेळी सगळ्यांची जातही विचारणार आहेत. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातला कर्ता कामावर असेल, म्हातारी एकटी असेल. धर्माच्या रकान्यात काय आणि जातीच्या रकान्यात काय सांगायचे, हे तिला आधीच समजावून ठेवा.