रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे : विजय हजारेंची कारकीर्द संशोधकाच्या नजरेतून

पेट किंवा सेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो : "मॅडम, डेटामध्ये मधली काही वर्षं नाहीतच, मग काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर संख्याशास्त्राच्या पुस्तकात मिळतं, पण ते डोक्यात बसतं ते उदाहरणानं. म्हणून आज थोडा इतिहास बघू. विषय क्रिकेटचा आहे. क्रिकेट न आवडणाऱ्यांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण मुद्दा क्रिकेटचा नाही.

विजय हजारे हे नाव आज आपल्याला देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकामुळे माहीत असतं. त्यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. ते 30 कसोटी सामने खेळले. त्यांत 52 डाव, 2192 धावा, 7 शतकं आणि 47.65 ची सरासरी. बस, एवढी एक ओळ. कोणत्याही तक्त्यात हजारे म्हणजे ही ओळ.

आता या ओळीला संशोधकानं विचारायचा पहिला प्रश्न : ही नोंद सुरू कधी होते?

उत्तर आहे जून 1946, लॉर्ड्सचं मैदान. म्हणजे पदार्पणाच्या वेळी हजारे 31 वर्षांचे होते. एवढा उशीर का? ते कमी पडत होते म्हणून नाही. ऑगस्ट 1936 मध्ये भारत इंग्लंडमध्ये कसोटी खेळला आणि त्यानंतर जवळपास दहा वर्षं भारताची एकही कसोटी झाली नाही. मधली बरीचशी वर्षं दुसऱ्या महायुद्धानं खाल्ली. हजारेंच्या वयाच्या भाषेत सांगायचं तर 21 ते 31. फलंदाजाच्या आयुष्यात ही वर्षं काय असतात ते वेगळं सांगायला नको.

या दहा वर्षांत त्यांच्या कसोटी धावांच्या रकान्यात काय लिहायचं? शून्य लिहिलं तर ते खेळून बाद झाले असा अर्थ होतो. 'माहिती उपलब्ध नाही' लिहिलं तर धावा झाल्या होत्या, पण कागद हरवला असा अर्थ होतो. दोन्ही चूक. इथे घटना घडूच शकत नव्हती. शून्य, हरवलेली नोंद आणि घडूच न शकलेली घटना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक्सेलमध्ये तिन्ही एकसारख्याच रिकाम्या चौकटी दिसतात! तुमच्या चौकटीत यापैकी काय आहे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते इतिहास वाचूनच कळतं.

मग हजारे त्या काळात रिकामे बसले होते का? अजिबात नाही. 1939-40 च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले. 1943-44 मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. या स्पर्धेत संघ धर्मानुसार असत : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा 'द रेस्ट'. हजारे ख्रिस्ती म्हणून 'रेस्ट'मध्ये. हिंदूंनी विजय मर्चंटांच्या नाबाद 250 धावांच्या जोरावर 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव 133 वर आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावा झाल्या आणि त्यातल्या 309 एकट्या हजारेंच्या. जवळजवळ 80 टक्के! भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी 300 धावांची भागीदारी केली, त्यात विवेक यांच्या धावा होत्या 21. तरीही रेस्ट एक डाव आणि 61 धावांनी हरला. मार्च 1947 च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्यासोबत 577 धावांची भागीदारी केली. कोणत्याही गड्यासाठीचा हा विश्वविक्रम 2006 पर्यंत टिकला.

इथे एक मोह होतो. प्रथम श्रेणीत हजारेंची सरासरी 58.38 होती, मग दहा वर्षांचे अंदाजे कसोटी सामने धरून धावा काढून टाकू की! थांबा. देशांतर्गत सामन्यांमधली गोलंदाजी आणि लॉर्ड्सवरची गोलंदाजी एक नाही. खेळपट्ट्या वेगळ्या, हवा वेगळी. एका परिस्थितीतला आकडा दुसऱ्या परिस्थितीच्या रिकाम्या जागेत भरायचा तर दोन्हींचं नातं आधी दाखवावं लागतं. मी ठाणे खाडीच्या पाण्यावर काम करते. पावसाळ्यातल्या क्षारतेवरून मे महिन्याची क्षारता भरून काढली तर माझे गाइड मला लॅबबाहेर काढतील. तेच इथे लागू.

दुसरा प्रश्न : सरासरी किती नोंदींवर उभी आहे? मर्चंटांची कसोटी सरासरी 47.72, हजारेंची 47.65. कागदावर दोघं सारखेच. पण मर्चंट 1933 ते 1951 या 18 वर्षांत फक्त 10 कसोटी खेळू शकले, म्हणजे 18 डाव. हजारेंचे डाव 52. दोघांतला थोर कोण हे यावरून ठरत नाही. एवढंच ठरतं की हजारेंच्या आकड्यावर आपण जास्त भरवसा ठेवू शकतो. सरासरी लिहिताना शेजारी नोंदींची संख्या लिहा असं परीक्षक का सांगतात ते यातून समजावं.

तिसरा प्रश्न : आकड्याच्या आत काय दडलंय? जानेवारी 1948, ॲडलेड. ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध हजारेंनी 116 आणि 145 अशी दोन्ही डावांत शतकं केली. असं करणारे ते पहिले भारतीय, आणि 1971 मध्ये गावसकरांनी हे करेपर्यंत एकमेव. भारत तो सामना डावानं हरला. जून 1952, लीड्स. दुसऱ्या डावात भारताची अवस्था 4 बाद शून्य, समोर ट्रूमन. कर्णधार हजारेंनी 56 धावा काढल्या. सरासरीच्या हिशेबात ते 56 म्हणजे फक्त 56. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला, तोही पंचविसाव्या कसोटीत. त्या सामन्यात चमकले विनू मंकड, पॉली उम्रीगर, पंकज रॉय. फलंदाज हजारेंच्या ओळीत तो विजय दिसतच नाही.

असं फक्त जुन्या काळात होतं असं समजू नका. बांगलादेशाला कसोटी दर्जा मिळाला 2000 साली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात भारताविरुद्ध त्यांची पहिली कसोटी झाली आणि अमिनुल इस्लामनं 145 धावा केल्या. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. त्याच्या देशाकडे त्याआधी कसोटी क्रिकेटच नव्हतं. पुढे तो एकूण 13 कसोटी खेळला, सरासरी 21.20. हजारे आणि अमिनुल, दोघांचीही नोंद तिशीनंतर सुरू होते, पण एकाचा आकडा भक्कम राहिला आणि दुसऱ्याचा घसरला. म्हणजे 'उशिरा सुरुवात' हे एकच कारण दोन्ही आकड्यांचं स्पष्टीकरण देऊ शकत नाही. त्याच वेळी, त्या कारणाचा उल्लेख न करता दोघांपैकी कुणाचीही तुलना विशीत पदार्पण करणाऱ्याशी करणं अन्यायाचं होईल.

हजारे शेवटची कसोटी 1953 मध्ये वेस्ट इंडिजमध्ये खेळले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. 1946 पासून तोपर्यंत भारतानं 32 कसोटी खेळल्या, त्यातल्या 30 मध्ये हजारे होते. जेवढं दार उघडं होतं, तेवढ्यातून हा माणूस जवळपास प्रत्येक वेळी आत गेला. माझ्या मते 47.65 पेक्षा ही 32 पैकी 30 ची नोंद त्यांच्याविषयी जास्त सांगते. आणि ती काढायला साधी बेरीज पुरते. फक्त भागाकाराच्या खाली 'एकूण वर्षं' न घेता 'मिळालेल्या संधी' घ्यायच्या.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या तक्त्यासाठी हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा : नोंद कधी सुरू झाली आणि का? किती नोंदी आहेत? रिकामी चौकट नेमकी कशामुळे रिकामी आहे? तुमच्यातल्या अनेकांच्या बायोडेटातही एम.एस्सी. नंतरची दोन-तीन वर्षं रिकामी असतात. कुणी घरच्यांसाठी नोकरी धरली, कुणाच्या विषयाची जाहिरातच निघाली नाही. मुलाखतीत त्याबद्दल विचारलं तर मान खाली घालू नका. रकाना का रिकामा आहे ते सरळ सांगा, आणि दार उघडं होतं तेव्हा काय केलंत तेही सांगा.